'मंजुघोषा' आणि तिचे वाचक : अद्भुतरम्य कादंबरीच्या वाचनाचा इतिहास

प्रस्तावना

मराठी कादंबरीचा इतिहास शिकताना तीन पुस्तकांची नावे सुरुवातीलाच येतात. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७), लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१). मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती या तीन पुस्तकांपासून निघाल्या, अशी मांडणी भालचंद्र नेमाडे यांनी केली आहे. पहिली प्रवृत्ती भोवतालच्या समाजाकडे पाहणारी, दुसरी कल्पनारम्य आणि तिसरी इतिहासाकडे वळणारी. या पाठात आपण दुसऱ्या प्रवृत्तीतील एका गाजलेल्या पुस्तकाचा विचार करणार आहोत. ते पुस्तक म्हणजे नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८).

राजकन्या मंजुघोषा, तिच्यावर प्रेम करणारा वसंतमाधव, आकाशातून जाणारे विमान, ताटातूट, संकटे आणि अखेर पुनर्भेट असा या कादंबरीचा साचा आहे. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत तिच्या वाट्याला सहसा दोन-चार ओळीच येतात. घटना असंभाव्य, भाषा अलंकारांनी जड, समाजाशी संबंध नाही, असा शेरा मारून लेखक हरिभाऊ आपटे यांच्याकडे वळतात. विद्यार्थीही तोच शेरा परीक्षेत उतरवतात.

तो शेरा खोटा आहे असे नाही. पण तो कोणाचा आहे हे विचारले पाहिजे. पुस्तक विकत घेणाऱ्याचा, वाचनालयातून घरी नेणाऱ्याचा की दुसऱ्याने वाचताना ऐकणाऱ्याचा? प्रत्यक्ष वाचकांचे मत आपल्यापर्यंत थेट आलेले नाही. आलेली आहेत ती लेखकाची प्रस्तावना आणि टीकाकाराचा निबंध. या दोहोंच्या आडून वाचक कसा शोधायचा, आणि तो सापडल्यावर 'असंभाव्य' या शब्दाचा अर्थ कसा बदलतो, हे या पाठाचे सूत्र आहे.

१. श्रोता समोर असताना

छपाईच्या आधी लेखकाला आपला रसिक डोळ्यांनी दिसत असे. याचे एक चांगले उदाहरण बेंगळुरूचे आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बेंगळुरू जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात केले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ १९२२ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला. आपल्याला बारा भाषांत रचना करता येते हे दाखवण्यासाठी जयरामाने राजापुढे बारा नारळ ठेवले, असा प्रसंग त्यात येतो. दरबारात समस्यापूर्ती चाले. एकाने श्लोकाचा एखादा चरण द्यायचा आणि कवीने तेथल्या तेथे उरलेला श्लोक जुळवायचा. मराठी, कन्नड, तेलुगू, फारसी, हिंदुस्तानी अशा अनेक भाषा जाणणारी माणसे एका सभेत बसलेली असत.

अशा सभेत कवीला प्रस्तावना लिहावी लागत नाही. रचना आवडली की दाद मिळते, नाही आवडली तर तेही लगेच कळते. देवळातल्या कीर्तनाची आणि घरातल्या पोथीची गतही तीच. चातुर्मासात 'पोथी लावली' म्हणजे श्रीधरस्वामींचा 'रामविजय' किंवा 'पांडवप्रताप' एकाने वाचायचा आणि घरातल्या व शेजारच्या बायामाणसांनी भोवती बसून ऐकायचा. या श्रोत्यांना पुष्पक विमान नवे नव्हते. समुद्र ओलांडणारा वानर, मायावी राक्षस, शाप आणि उःशाप हे सारे त्यांच्या कानांवरून अनेक वेळा गेलेले होते.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली पाहिजे. १८६८ मध्ये मराठी कादंबरीतले विमान पाहून जो वाचक चकित झाला किंवा रागावला, तो विमानामुळे तसा झाला नसणार. पोथीतल्या चमत्काराला श्रद्धेचा आधार होता. कादंबरीतला चमत्कार मात्र एका हयात गृहस्थाने रचलेला होता आणि तो केवळ करमणुकीसाठी होता. नवेपणा होता तो इथे.

२. छापील पुस्तक आणि न दिसणारा वाचक

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत मराठी छपाईवर सरकारी शिक्षणखाते आणि मिशनरी यांची छाप होती. शाळेला उपयोगी, ज्ञान देणारी, नीती शिकवणारी पुस्तके प्रामुख्याने निघत. दक्षिणा प्राइज कमिटीकडून मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळत, पण तिचाही ओढा उपयुक्त ग्रंथांकडे असे. गोष्टीसुद्धा बहुधा बोधासाठी छापल्या जात. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीति' आणि 'बाळमित्र' ही त्यांतली प्रसिद्ध नावे. त्यांच्याच 'वेताळपंचविशी'त मात्र बोधापेक्षा गोष्टीची गोडी अधिक होती.

शतकाच्या मध्यास चित्र बदलू लागले. हातिमताईची कथा मराठीत आली. हुस्नबानूने घातलेले सात प्रश्न सोडवण्यासाठी हातिम देशोदेशी भटकतो आणि प्रत्येक प्रश्नामागे एक संकटांची मालिका भोगतो. शोधप्रवासाच्या कथेचा हा शुद्ध नमुना आहे. त्यानंतर १८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी सुरू केलेले 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या पुस्तकाचे भाग निघाले. या कामात त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचाही हातभार होता. संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या, सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या जागी असलेल्या विद्वानाने हे भाषांतर हाती घेतले, यावरून अशा वाचनाला किती मागणी होती याचा अंदाज येतो.

याच काळात वाचकापर्यंत पुस्तक पोहोचण्याच्या वाटाही वाढत होत्या. रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय होते. पुण्यात १८४८ मध्ये नेटिव जनरल लायब्ररी निघाली. तिचेच पुढे पुणे नगर वाचन मंदिर झाले. १८६७ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक सुरू झाले आणि पुस्तकांवर लिहिण्याला एक जागा मिळाली. त्याच वर्षी सरकारने पुस्तकनोंदणीचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, कर्ता, भाषा, पृष्ठे, आवृत्ती, प्रतींची संख्या आणि किंमत यांची नोंद होऊ लागली आणि तिच्या तिमाही याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. सरकारचा हेतू लक्ष ठेवण्याचा होता. इतिहासकाराला मात्र त्यामुळे एक अमोल साधन मिळाले.

अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट डार्नटन यांनी १९८२ मध्ये ग्रंथव्यवहाराच्या वर्तुळाची कल्पना मांडली. लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूक करणारा, विक्रेता आणि वाचक अशी ही साखळी असते आणि वाचक पुन्हा लेखकावर परिणाम करतो. 'मंजुघोषे'च्या बाबतीत या वर्तुळाचे अनेक दुवे आपल्याला कागदावर सापडतात. शेवटचा दुवा, म्हणजे वाचक, तेवढा गप्प आहे.

३. रिसबुडांची प्रस्तावना : वाचकाने न विचारलेला प्रश्न

समोर न दिसणाऱ्या वाचकाशी बोलण्याचे लेखकाचे साधन म्हणजे प्रस्तावना. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत अद्भुताची बाजू मांडली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : आपल्या लोकांच्या लग्नाच्या चाली आणि इतर काही कारणे यांमुळे हिंदू माणसाच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे दुर्गुण नाहीत आणि सद्गुणही नाहीत. रोजच्या अनुभवातल्या गोष्टी लिहिल्या तर त्यांत मनोरंजन होणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय करावाच लागतो.

ही ओळ अनेक अभ्यासकांनी उद्धृत केली आहे, बहुतेक वेळा लेखकाच्या असमर्थतेची कबुली म्हणून. पण तिच्याकडे वाचकाच्या बाजूने पाहिले तर त्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट : 'हे असे का लिहिलेत?' हा प्रश्न येणार हे लेखकाला ठाऊक आहे. म्हणजे १८६८ मध्येच असा आक्षेप घेणारा वाचक अस्तित्वात होता, निदान लेखकाच्या मनात तरी होता. 

दुसरी गोष्ट : पुस्तक मनोरंजक असावे ही अपेक्षा लेखक लपवत नाही. बोधाच्या नावाखाली गोष्ट खपवण्याची त्याला गरज वाटत नाही. करमणुकीसाठी पैसे खर्च करणारा वाचक तयार झाला होता, याचा हा पुरावा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लेखक कारण म्हणून सर्वप्रथम लग्नाच्या चालीचे नाव घेतो. हे वाक्य त्या काळाच्या संदर्भात ठेवून पाहू. मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय दहा वर्षांचे होते आणि ते बारा करण्यासाठी १८९१ पर्यंत थांबावे लागले, तेही मोठ्या वादळानंतर. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, तरी त्याच प्रश्नावर १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर मोठा वाद झाला. अशा समाजात वयात आलेली, अविवाहित, स्वतःच्या पसंतीने जोडीदार निवडणारी उच्चवर्णीय तरुणी कुठल्या वाड्यात दाखवायची? ती रोजच्या जगात दाखवली असती तर वाचकाने ते असंभाव्य तर म्हटलेच असते, शिवाय अनीतीचेही म्हटले असते. राजवाड्यात आणि कल्पित राज्यात ती खपून जात होती.

म्हणजे 'मंजुघोषे'तली खरी अद्भुत गोष्ट विमान ही नाही. विमान पोथ्यांत होतेच. निवड करणारी नायिका ही त्या वाचकाच्या घरात न घडणारी गोष्ट होती. तिच्याभोवती लेखकाने राजवाडा आणि विमान उभे केले, ते तिला वावरायला जागा मिळावी म्हणून, असे या प्रस्तावनेच्या आधारे म्हणता येते.

४. टीकाकाराची कसोटी

१८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक यांविषयी निबंध' प्रसिद्ध झाला. मराठीतील कादंबरीविषयक विवेचनाचा तो पहिला महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो. शीर्षकातला 'नावल' हा शब्दही लक्षात घ्यावा. या वाङ्मयप्रकाराला काय म्हणायचे हे अजून ठरायचे होते. पुढे मराठीने बाणभट्टाच्या संस्कृत कथेचे नाव उचलून 'कादंबरी' हा शब्द रूढ केला. कन्नडमध्येही तोच शब्द चालतो. बेंगळुरूच्या पुस्तकाच्या दुकानात कादंबरी मागितली तर नॉव्हेलच हाती येते. हिंदीत आणि बंगालीत मात्र 'उपन्यास' स्थिरावला आणि गुजरातीत 'नवलकथा'. बाणाची कादंबरी स्वतःच शाप, पुनर्जन्म आणि जन्मोजन्मीच्या प्रेमाची अद्भुत कथा आहे. तिचे नाव घेतलेल्या वाङ्मयप्रकाराने अद्भुत टाळावे अशी अपेक्षा पुढे केली गेली, हा इतिहासातला एक योगायोग म्हणावा लागेल.

मराठे यांनी तेव्हाच्या कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर टीका केली. घडू शकेल असे लिहावे, लोकांच्या खऱ्या स्थितीचे चित्र काढावे आणि वाचकावर होणाऱ्या परिणामाचे भान ठेवावे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. या टीकेमागे तळमळ होती. इंग्रजी शिकलेल्या पिढीला आपली भाषा इंग्रजीच्या बरोबरीला यावी असे वाटत होते. साहेबाच्या देशात कादंबरी हा समाजाचा आरसा मानला जात होता. मराठीत मात्र राजपुत्र विमानातून उडत होते. सुशिक्षित टीकाकाराला याची लाज वाटली असल्यास नवल नाही.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे एक फरक करायला हवा. टीकाकार वाचकाविषयी बोलत असतो, वाचकाच्या वतीने बोलतच असतो असे नाही. 'तरुण मनावर वाईट परिणाम होतो' असे वाक्य कुठेही वाचले की त्यातून दोन गोष्टी काढाव्यात. एक म्हणजे टीकाकाराची चिंता. दुसरी, तरुण माणसे ते पुस्तक खरोखर वाचत होती ही माहिती. कोणी वाचत नसलेल्या पुस्तकाच्या परिणामाची चिंता कोणी करत नाही.

५. लिहून न ठेवणाऱ्या वाचकाचा पुरावा

सामान्य वाचकाचे मत कागदावर नसले तरी त्याचे वागणे कागदावर उमटते. पहिला पुरावा अनुकरणाचा. 'मुक्तामाला' निघाल्यावर हळबे यांनी 'रत्नप्रभा' (१८६६) लिहिली. 'मंजुघोषे'नंतर रिसबुडांनी 'विश्वासराव' लिहिली. 'विचित्रपुरी' (१८७०) यांसारख्या कादंबऱ्या त्याच वाटेने आल्या. छापखान्याचे पैसे लेखकाला किंवा प्रकाशकाला आधी भरावे लागत. खप नसता तर ही रांग लागली नसती.

दुसरा पुरावा भाषांतराचा. इंग्रजीतले थोर कादंबरीकार महाविद्यालयांत शिकवले जात होते. पण हिंदुस्थानातल्या वाचनालयांतून जो इंग्रजी लेखक भराभर बाहेर जाई तो जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. रहस्य, कट, पाठलाग आणि भावनांचा कल्लोळ यांनी भरलेल्या त्याच्या कादंबऱ्या अनेक भारतीय भाषांत उतरल्या. खुद्द हरिभाऊ आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) ही रेनॉल्ड्सच्या आधारानेच लिहिलेली होती. म्हणजे वास्तववादी कादंबरीचा जनक मानला गेलेला लेखकही याच रंजक वाचनावर वाढलेला वाचक होता.

तिसरा पुरावा काळाचा. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो' क्रमशः दिली. ती १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. यमू नावाची मुलगी आपल्या माहेरची आणि सासरची हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगते. घरातल्या रोजच्या गोष्टींत मन वेधणारे काही नाही, हे रिसबुडांचे म्हणणे या कादंबरीने खोडून काढले. इथून पुढे मराठी कादंबरी प्रौढ झाली आणि अद्भुताचे बालपण संपले, असे सांगण्याची प्रथा आहे. पण वाचक त्या वेळापत्रकाने चालले नाहीत. नाथमाधव यांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ मध्ये आली आणि अतिशय लोकप्रिय झाली. एकच वाचक एका महिन्यात यमूसाठी रडत होता आणि दुसऱ्या महिन्यात वीरधवलाच्या मागे धावत होता, असे मानायला हरकत नाही. टीकाकारांनी दोन टप्प्यांत मांडलेल्या गोष्टी वाचकाच्या कपाटात शेजारी शेजारी होत्या.

चौथा मुद्दा मोजदादीच्या मर्यादेचा. नोंदणीच्या याद्यांवरून किती प्रती छापल्या ते कळते, किती माणसांनी वाचल्या ते कळत नाही. पोथी ऐकण्याची सवय असलेल्या घरात कादंबरीही मोठ्याने वाचली जाणे स्वाभाविक होते. एक प्रत आणि पाच-दहा श्रोते, असा हा हिशेब असू शकतो. त्या श्रोत्यांत ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायका आणि मुले असू शकतात. त्यांचे नाव कुठल्याही वाचनालयाच्या वहीत नसते.

६. वाचक लेखणी हाती घेते तेव्हा

या न दिसणाऱ्या वाचकांपैकी काही जणी पुढे लिहू लागल्या, आणि त्यांच्या लेखनातून वाचनाचा परिणाम दिसतो. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे उदाहरण घेऊ. लहानपणी लग्न झाले, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, पती गोविंदराव यांच्या आग्रहामुळे आणि घरातल्या इतरांच्या नापसंतीला तोंड देत. त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. हरिभाऊ आपटे यांच्याशी त्यांची वाङ्मयीन मैत्री होती. 'रंगराव' ही त्यांची कादंबरी १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली.

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात एक कल्पित संस्थान आहे. दुबळ्या बुद्धीच्या राजपुत्राशी लग्न लावून दिलेली राणी तेथला कारभार हाती घेते आणि स्त्रियांच्या हाती सत्ता, शिक्षण आणि व्यवस्था सोपवते. १९२८ च्या महाराष्ट्रात असे राज्य कुठेही नव्हते. मराठे यांची १८७२ ची कसोटी लावली तर ही कादंबरी असंभाव्य ठरेल. पण ती करमणुकीसाठी वास्तवापासून पळाली असे कोणी म्हणू शकणार नाही. जे आहे त्याचे दुःख हरिभाऊंनी सांगितले होते. जे असायला हवे ते सांगण्यासाठी काशीबाईंना पुन्हा कल्पित राज्याकडे जावे लागले.

रिसबुडांना निवड करणारी नायिका दाखवायला राजवाडा लागला. साठ वर्षांनी काशीबाईंना राज्य करणारी बाई दाखवायला संस्थान लागले. दोन्ही लेखकांच्या कुवतीत आणि हेतूत मोठे अंतर आहे. तरी दोघांनाही कल्पनेचा आधार घ्यावा लागला तो एकाच जागी, म्हणजे घरातल्या बाईच्या इच्छेला वास्तवात जागा नव्हती तिथे.

७. इतर भाषांतले असेच वाद

हा प्रश्न मराठीपुरता नाही. हिंदीत देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' १८८८ च्या सुमारास आली. तिलिस्म, ऐयार आणि राजकन्येचा शोध यांनी भरलेल्या या कादंबरीसाठी हिंदी न येणाऱ्या कितीतरी लोकांनी नागरी लिपी शिकून घेतली, असे सांगितले जाते. समीक्षक रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींना विचित्र न्याय दिला. जितके वाचक खत्रींनी निर्माण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाहीत हे त्यांनी मान्य केले, पण या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत जागा दिली नाही. वाचक घडवणारे पुस्तक साहित्य नव्हे, तर मग साहित्य कोणासाठी, हा प्रश्न तिथे उघडा राहतो.

इंग्रजीतही तेच घडले. जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४–५५ मध्ये तीन भागांत निघाली. एक अंगठी नष्ट करण्यासाठी निघालेल्या लहानखुऱ्या फ्रोडोची ही शोधकथा. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी तिची प्रशंसा केली. १९५६ मध्ये अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी तिला पोरकट ठरवले. १९६५ मध्ये अमेरिकेत स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ती डोक्यावर घेतली. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या वाचकांनी तिला शतकातील सर्वोत्तम पुस्तक म्हणून निवडले, तेव्हा अनेक समीक्षकांनी वाचकांच्या अभिरुचीलाच दोष दिला. टॉल्किन यांनी स्वतः १९३९ मधील एका व्याख्यानात परीकथांची बाजू मांडताना म्हटले होते की, तुरुंगातल्या कैद्याने बाहेर पडायचे स्वप्न पाहणे आणि सैनिकाने रणांगण सोडून पळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि टीकाकार त्यांची गल्लत करतात.

हा भेद 'मंजुघोषे'ला लावून पाहण्यासारखा आहे. दहाव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी दुपारी माजघरात कोणाकडून तरी मंजुघोषेची गोष्ट ऐकत असेल, तर तिला पळपुटी म्हणायचे का? पळून जायला तिच्यापाशी रणांगण नव्हतेच, चार भिंती होत्या.

समारोप

'मंजुघोषा' ही थोर कादंबरी आहे असा दावा या पाठात केलेला नाही. तिची भाषा आज वाचवत नाही, पात्रे साच्यातली आहेत आणि मराठे यांची टीका बऱ्याच अंशी योग्य आहे. प्रश्न पुस्तकाच्या गुणांचा नसून पुराव्याचा आहे. ज्यांनी लिहून ठेवले त्यांचे मत म्हणजे सर्व वाचकांचे मत, असे आपण समजून चाललो की ज्यांना लिहिता येत नव्हते किंवा लिहू दिले जात नव्हते ते इतिहासातून गळून जातात. लेखकाची प्रस्तावना, टीकाकाराची चिंता, अनुकरणांची रांग, नोंदणीच्या याद्या आणि वाचकांतून पुढे आलेल्या लेखिका ही पाच साधने एकमेकांवर तपासून घेतली तर तो गप्प वाचक थोडा बोलू लागतो.

तो काय सांगतो? कादंबरीतले काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही, हे वाचकाच्या घरावर अवलंबून असते. टीकाकाराला विमान असंभाव्य वाटले. घरातल्या मुलीला कदाचित विमान चालले असते, पण स्वतःचा वर स्वतः निवडणे असंभाव्य वाटले असते. आज एखाद्या पुस्तकाला 'वास्तवाशी संबंध नाही' असे म्हणताना कोणाचे वास्तव आपल्या मनात आहे, हे स्वतःला विचारण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

स्वाध्याय

१. दरबारातील श्रोता आणि छापील पुस्तकाचा वाचक यांच्या प्रतिसादात कोणते फरक पडतात? शहाजीराजांच्या दरबाराच्या आधारे लिहा.

२. रिसबुडांच्या प्रस्तावनेतून १८६८ मधील वाचकाविषयी कोणती माहिती मिळते? त्या माहितीच्या मर्यादा कोणत्या?

३. 'टीकाकार वाचकाविषयी बोलतो, वाचकाच्या वतीने बोलतोच असे नाही.' या विधानाची चर्चा 'मंजुघोषा' आणि 'चंद्रकांता' या उदाहरणांनी करा.

४. 'पण लक्षांत कोण घेतो' आणि 'पालखीचा गोंडा' या कादंबऱ्या स्त्रियांच्या स्थितीकडे दोन वेगळ्या वाटांनी कशा पाहतात?

५. प्रकल्प : आपल्या गावातील किंवा शहरातील जुन्या वाचनालयात जाऊन कोणत्याही एका लोकप्रिय अद्भुतरम्य कादंबरीची प्रत पाहा. किती आवृत्त्या निघाल्या, प्रत किती झिजली आहे, समासात काय खुणा आहेत, देवघेवीच्या तारखा कोणत्या आहेत, हे टिपून घ्या. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर वाचकाशी त्या पुस्तकाविषयी बोला. बेंगळुरूसारख्या बहुभाषिक शहरातील विद्यार्थ्यांनी हेच काम कन्नड आणि आणखी एका भाषेतील पुस्तकांबाबत करून तुलना करावी. वाचक समोर असताना मिळणारी माहिती आणि छापील परीक्षणातून मिळणारी माहिती यांत काय फरक पडला ते दोन पानांत लिहा.